दोन वाक्यांच्या मधलं

रविवारची दुपार आहे. जेवण झालंय, पंखा फिरतोय. हातात पेन तसंच ठेवून मी टेबलावरच्या कागदांवर डोकं टेकते. पाचच मिनिटं. डोळे मिटले तरी अक्षरं दिसत राहतात. माझंच अक्षर, माझाच अहवाल. संध्याकाळी पाचपर्यंत तो कारखान्यात पोचवायचाय.

साखर कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. बारा दिवसांपूर्वी मळीच्या, म्हणजे साखर काढून उरलेल्या पाकाच्या, रिकाम्या टाकीत साफसफाईला उतरलेले आनंदा चौगुले आत गुदमरून गेले. माझ्या वडिलांच्या वयाचे. मी त्यांना मामा म्हणायचे. अपघात कसा झाला ते लिहायचं काम माझ्याकडे आहे. काल कारखान्याच्या व्यवस्थापकांनी, शिर्केसाहेबांनी, कच्चा मसुदा वाचला आणि म्हणाले, "नलवडे मॅडम, फार तुटक वाटतंय. वाचणारा अडखळला की प्रश्न विचारतो. जरा ओघ आणा."

मी ओघ आणला. जिथे जिथे खाच होती तिथे 'त्यामुळे', 'तथापि', 'त्यानंतर' बसवलं. आता कुठे ठेच लागत नाही. वाचत गेलं की शेवटच्या ओळीत आपण आपोआप पोचतो : कामगाराचा निष्काळजीपणा.

पंख्याचा आवाज लांब जातो.

"म्याडम, जरा सरका की."

आनंदामामा शेजारच्या खुर्चीत बसलेत. खाकी गणवेश, वरचं बटण तुटलेलं. मला आधी बरंच वाटतं. मग आठवतं.

"मामा, तुम्ही आत कसे आलात?"

"दार उघडंच हुतं."

मी दाराकडे बघते. दाराच्या जागी टाकीचं गोल तोंड आहे, माणूस जेमतेम जाईल एवढं. पलीकडे काळोख.

"मी सातवीपतूर शिकलोय," मामा म्हणतात. "वाचतो. चुकलं तर सांगा." ते कागदावर बोट ठेवतात आणि एकेक शब्द लावतात. "'टाकीतील वायूची तपासणी करण्यात आली. त्यानंतर कामगार टाकीत उतरला.'" बोट थांबतं. "त्यानंतर म्हंजे कवा?"

"म्हणजे... नंतर, मामा."

"किती नंतर?"

मी तो शब्द तळहातानं झाकते.

"तपासणी झाली सोमवारी सांजच्याला," ते शांतपणे सांगतात. त्यांचा शांतपणाच सहन होत नाही. "मी उतरलो मंगळवारी सकाळी. मधी रातभर झाकण बंद हुतं. तळाला मळी ऱ्हायलीवती, ती रातभर फसफसली, आत वायू कोंडला. एवढं सगळं त्या एका शब्दात मावलं व्हय?"

मी शाळेच्या बाकावर आहे. बाक लहान आहे, गुडघे वर येतायत. मामा फळ्यावर खडूनं ती दोन वाक्यं लिहितात. एक अगदी वर, एक अगदी खाली. मध्ये सगळा फळा काळा.

"ह्या खालच्यात मी हाय," ते म्हणतात. "'कामगार' म्हटलंय, पर हाय. आता मला सांगा, वरच्यात कोण हाय? तपासणी 'करण्यात आली.' कुणी केली?"

"मी."

"आनि मंगळवारी सकाळी टाकीपाशी कोण उभं हुतं?"

मी मान खाली घालते. पायाखाली फरशी आहे, पांढरी, ओली. सरकारी दवाखान्याचा कॉरिडॉर. त्यांची मुलगी रेश्मा भिंतीला टेकून बसलीय, मांडीवर न उघडलेला डबा. त्या दिवशी खरंच अशीच बसली होती. मला म्हणाली होती, "मॅडम, माझे बाबा कधी स्वतःच्या मनानं काही करायचे नाहीत. सांगितलेलंच करायचे." आता ती माझा अहवाल वाचतेय. भराभर पानं उलटतेय, कुठेही न अडखळता. ती शेवटच्या ओळीकडे चाललीय हे मला दिसतंय.

"थांब," मी ओरडते. "रेश्मा, थांब!"

आवाज घुमून माझ्याच अंगावर येतो. चारी बाजूंनी लोखंड आहे. मी टाकीच्या तळाशी आहे. गोडसर, आंबूस वास नाकात भरतो. वर, फार वर, उजेडाचं गोल तोंड. शिडी आहे, पण मधल्या पायऱ्याच नाहीत. एक सर्वांत वरची, एक माझ्या पायाशी.

छाती जड होते. मी श्वास घेते, आत काहीच येत नाही. पुन्हा घेते. काहीच नाही.

उजेडात एक डोकं वाकून बघतं. बाईचं डोकं, वर पिवळं हेल्मेट. ती मीच आहे. ती आता तोंड उघडणार. ती काय बोलणार ते मला बारा दिवसांपासून शब्दन् शब्द पाठ आहे. आईनं, शिर्केसाहेबांनी विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. माझ्या नवऱ्यानं विचारलं, त्यालाही सांगितलेलं नाही.

"मामा, तिचं ऐकू नका!"

मामा अंधारात माझ्या अगदी जवळ आहेत. त्यांचा श्वास मात्र ऐकू येत नाही.

"आता काय उपेग," ते म्हणतात. "मी उतरलो न्हवं का. तुम्ही लिवा. घडलं तसं लिवा, एकामागनं एक."

"माझी नोकरी जाईल, मामा. चौकशी लागेल."

वरचं झाकण सरकायला लागतं. उजेड चंद्रकोरीएवढा होतो, नखाएवढा होतो...

मी खाडकन उठते. घामानं मान भिजलीय. पंखा फिरतोय. खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करतंय. दार आहे, लाकडाचं, कडी लावलेलं.

कागदाकडे बघायचं धाडस होत नाही. मग बघते. 'त्यानंतर' हा शब्द इतक्या जोरात खोडलाय की कागद फाटलाय. बाजूच्या समासात, वेड्यावाकड्या वळणानं, माझ्या अक्षरात तीन ओळी आहेत. शाईला बोट लावलं तर पसरते.

'दुसऱ्या दिवशी सकाळी वायू तपासायच्या यंत्राची बॅटरी संपली होती. आनंदा चौगुले यांनी थांबू का, असे विचारले. मी त्यांना म्हणाले, कालच तपासलंय, उतरा.'

फोन वाजतो. शिर्केसाहेब.

"काय मॅडम, निघतोय ना अहवाल?"

"निघतोय, साहेब," मी म्हणते. आवाज थरथरतोय, तो मी लपवत नाही. "पाचला आणते. मधला एक परिच्छेद राहिला होता."