दुसऱ्या फेरीतला गुडघा

परवा फोनवर धाकटीनं विचारलं, "आजी, तुला अमेरिकन फुटबॉलमधलं इतकं कसं गं कळतं?" म्हणून हे नीट लिहून ठेवते आहे. तिच्या दादाला यातलं बरंचसं आठवत असेल, पण तो सांगतो तेव्हा प्रत्येक वेळी तोच जिंकलेला असतो. माझी बाजूही कुठेतरी असायला हवी.

खेळ मला दादानंच शिकवला. धाकटीच्या जन्माच्या वेळी मी तीन महिने अमेरिकेत तुमच्याकडे होते, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. जेवणाच्या टेबलावर त्यानं एका बाजूला अकरा बेदाणे मांडले, समोर अकरा काजू. मी बोलता बोलता एक बेदाणा तोंडात टाकला, तर तो रडायलाच लागला. "आजी, तो क्वार्टरबॅक होता!" म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा म्होरक्या.

सिंगापूरला आमच्या घरी परतल्यावर मी तुमच्या गावच्या वर्तमानपत्राचं क्रीडा पान रोज सकाळी इंटरनेटवर वाचू लागले. मला सगळ्यात आवडायचा तो ड्राफ्ट. वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, सगळे संघ कॉलेजात खेळलेल्या मुलांमधून आळीपाळीनं एकेक खेळाडू निवडतात, अशा सात फेऱ्या होतात. आदल्या वर्षी जो सगळ्यात वाईट खेळला, त्याची पाळी पहिली. इतकी शिस्तशीर पद्धत मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही. मी एक दोनशे पानी वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि मतं बनवायला लागले. माझं मुख्य मत असं, की संघ धावणाऱ्या पोरांवर भाळतात आणि त्यांना वाट करून देणाऱ्या दांडग्या मुलांना विसरतात.

दादा अकरा वर्षांचा असतानाच्या ड्राफ्टची ही गोष्ट. तुमचा संघ आदल्या वर्षी बेकार खेळला होता, त्यामुळे आपली पाळी बरीच वर होती. दादाला एक धावणारा हवा होता. पोरगा वाऱ्यासारखा पळायचा, पण कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं आणि ऑपरेशन झालं होतं. मला हवा होता एक अगडबंब, शांत मुलगा, जो क्वार्टरबॅकच्या पुढ्यात नुसता उभा राहिला तरी मागचं काही दिसत नसे. आमच्या घरात त्यांची नावं पडली गुडघा आणि भिंत.

"भिंतच घ्या," आजोबा म्हणायचे. "आपल्या फ्लॅटमधेही तीच तेवढी कटकट करत नाही."

गुडघ्यांच्या बाबतीत मला अधिकारानं बोलता येत होतं. इथल्या नोव्हेना भागातल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे मी अठरा वर्षं सेक्रेटरी होते. पत्रं टाइप करणं, फाईली लावणं, पेशंटना तारखा देणं, सगळं माझ्याकडे. किती गुडघे माझ्या बोटांखालून गेले असतील, त्याला गणती नाही. म्हणून मी दादाला रीतसर मुद्दे घालून ई-मेल पाठवली. चौथा मुद्दा असा होता: "अठरा वर्षांत मी पाहिलं आहे, की लिगामेंटचं ऑपरेशन झालेला माणूस आज ना उद्या लंगडत परत येतोच."

आता खरी गोष्ट सांगते. माझा स्वतःचा उजवा गुडघा तेव्हा दोन वर्षं दुखत होता. सांधा झिजला होता, आणि माझ्याच जुन्या डॉक्टरांनी तो बदलून घ्यायला सांगितलं होतं. मी दर वेळी "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचे. रविवारी आजोबा मित्रांबरोबर पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवायला जायचे. मी पूर्वी बरोबर जात असे, पण आता तिकडे नेणाऱ्या हलत्या बमबोटीत, त्या छोट्या लाकडी होडीत, पाय टाकायची भीती वाटायची, म्हणून घरीच थांबायचे आणि भाजी निवडायची आहे असं सांगायचे. तुमच्याकडे यायचंही मी टाळत होते. दादाला मला स्टेडियममध्ये न्यायचं होतं, आणि तिथल्या पायऱ्या मी फोटोत पाहिल्या होत्या.

हे सगळं तुमच्या आईनं त्याला सांगितलं असणार, कारण माझ्या ई-मेलला त्याचं एकाच ओळीचं उत्तर आलं. टीमनं गुडघ्याला घेतलं तर आजीनं ऑपरेशन करायचं, आणि फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या दिवसांत, मॅचला यायचं.

एकविसाव्या वर्षी तुटलेलं लिगामेंट आणि चौसष्टाव्या वर्षी झिजलेला सांधा यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे मी त्याला समजावून पाहिलं. त्यानं ऐकलं नाही. मग मी पैज घेतली, कारण संघ इतका मूर्ख नसेल याची मला खात्री होती. तरीही माझ्या उत्तरात मी दोन शब्द घातले: पहिल्या फेरीत.

तुमच्याकडे शनिवारची संध्याकाळ असते तेव्हा इथे रविवारची सकाळ असते. ड्राफ्टच्या त्या रविवारी आजोबा उबीनला गेले नाहीत. आठ वाजता फोन लावला, मी हॉलमधल्या फोनवर, आजोबा बेडरूममधल्या.

"काय झालं रे पहिल्या फेरीत?"

"आजी, आपण आपला नंबर देऊन टाकला! दुसऱ्या टीमला! आता आपला सेकंड राउंडमध्ये आहे."

"आणि भिंत?"

"वॉल गेली. नवव्या नंबरला."

मी वहीत भिंतीवर रेघ मारली. पाळ्यांची अशी अदलाबदल संघांना करता येते, पण इतक्या वरची पाळी कुणी देऊन टाकतं? मी ते बोलूनही दाखवत होते, तेवढ्यात पलीकडे टीव्हीचा गलका झाला आणि दादा इतक्या जोरात ओरडला, की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. दुसऱ्या फेरीत तुमच्या संघानं गुडघा घेतला होता.

"आजी! यू हॅव टु डू इट!"

"माझी मेल उघड. पैज पहिल्या फेरीची होती."

"दॅट्स चीटिंग!"

"चीटिंग कसलं? लिहिलेलं आहे."

बेडरूममधून आजोबांचं हसू एकदा फोनमधून आणि एकदा दारातून ऐकू आलं. "अगं, वकिलीण व्हायची राहिलीस तू."

दादानं रिसीव्हर टेबलावर आपटला. आता रडतो की काय असं मला वाटलं. पण तो माझी मेल शोधत होता. मग त्यानं माझा चौथा मुद्दा मलाच वाचून दाखवला, अडखळत, एकेक शब्द लावत, आणि विचारलं, "आजी, पण जे बरे झाले, ते तुझ्याकडे परत कशाला येतील?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे तू त्यांना पाहिलंच नाहीस ना."

मी काहीतरी बोलून फोन ठेवला आणि पोह्यांना फोडणी दिली. मोहरी करपली.

त्या आठवड्यात मी एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, नोव्हेनाला गेले. माझ्या जागी आता जी बाई बसते ती माझी जुनी मैत्रीण, आधी रिसेप्शनला होती, चिनी, तोंडानं फटकळ, बोलताना इथल्या पद्धतीनं शेवटी 'लाह' जोडणारी. तिला मी विचारलं, की ऑपरेशन होऊन जे परत येत नाहीत, त्यांचं पुढे काय होतं?

"काय होणार? बरे झाले लाह! बरा माणूस डॉक्टरकडे येऊन काय करणार, चहा पिणार?" ती म्हणाली. मग तिनं मागच्या फाईलींच्या कपाटाकडे बोट केलं. "परत परत येणाऱ्यांच्या जाड्या फाईली इथे राहतात. बारीक सगळ्या गोडाउनला जातात. तूच तर बांधायचीस."

खरंच, मीच बांधायचे. दर डिसेंबरला वर्षानुवर्षं कुणी न मागितलेल्या फाईली मी बाहेर काढायचे, दहा-दहाचा गठ्ठा करून दोरी बांधायचे आणि ट्रॉलीवर ठेवायचे. पातळ, स्वच्छ, दोन-तीन कागदांच्या फाईली. त्या कधी उघडून पाहाव्यात असं माझ्या मनात आलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर कायम होत्या त्या कपाटातल्या जाड्या. त्यांच्याच जोरावर मी अकरा वर्षांच्या मुलाला मुद्दे घालून पत्र लिहिलं होतं, आणि त्यांच्याच धाकानं दोन वर्षं घरी बसून भाजी निवडत होते.

तिथून निघताना माझ्या पर्समध्ये ऑपरेशनच्या तारखेचं कार्ड होतं. दादाला मेल केली, की पैज मी हरलेली नाही, तरीही ऑपरेशन करते आहे. त्याचं उत्तर आलं: "सेम थिंग."

ऑपरेशनचं फारसं सांगत नाही. पहिले पंधरा दिवस मी फिजिओथेरपीच्या मुलीशी वाईट वागले आणि नंतर तिला लाडू नेऊन दिले. त्या फॉलमध्ये काही मला जमलं नाही, पुढच्या फॉलमध्ये मी आले. स्टेडियमच्या पायऱ्या मी कठड्याला धरून चढले, आणि धाकटी त्या मोठ्यानं मोजत होती, मधले सगळे आकडे गाळून. गुडघा पहिलं वर्ष नुसता बाकावर बसला होता. त्या दिवशी तो पळाला, फार नाही, पण आमच्या बाजूच्या कोपऱ्यापर्यंत. भिंतीचा मात्र पहिल्याच वर्षी खांदा निखळला. ही बातमी दादानं मला मुद्दाम फोन करून दिली होती.

माझं मुख्य मत मी अजून बदललेलं नाही. आणि इतक्या वरची पाळी देऊन टाकणंही चूकच होतं.

पुढे एकदा वार्षिक तपासणीला गेले, तेव्हा मैत्रिणीनं माझी फाईल काढून हातात तोलली. "बघ, किती बारीक. ही पण गोडाउनला पाठवू का?"

मी म्हटलं, "पाठव, पण दोरी मी बांधते. तुझ्या गाठी सुटतात."