भंडाऱ्याची मतं

निपाणीच्या म्युनिसिपालटीत आमच्या वॉर्डाची जागा एक आणि उभे सात जण! त्यातले एक आमचे हे. आणि कुणाविरुद्ध? ज्या तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते, तिच्याच मालकाविरुद्ध. गल्लीत नळ आणायचा म्हणून पेटलेले. आले तर नळ, पडले तर नोकरी गेलीच. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, सांगून सांगून मी थकले.

आदल्या दिवशी मालकाची माणसं देवाचा भंडारा घेऊन दारोदार फिरली. आधी कपाळाला लावायचा, मग म्हणायचं, "आता मत मालकास्नी. मोडलं तर पोटच्या पोराला भोवंल." आमच्याही दारात आली, एवढी छाती! आत्तीनं, म्हणजे माझ्या सासूनं, भंडारा म्हटल्यावर डोईवर पदर घेऊन कपाळ पुढं केलं. शपथ मागनं ऐकली. तेव्हा घर नावावर असलेल्या बाईलाच मत; आमचं घर तिच्या नावावर, म्हणून मला नाही, मत तिचंच.

मी भडकले. "आत्ती, कुणी आणलाय हे तरी बघायचं!"

"देवाच्या भंडाऱ्याला नको म्हणू व्हय गं?" म्हणाली आणि रडायला लागली.

मतदानादिवशी तिनं पाण्याचा घोट घेतला नाही. गल्लीतल्या मत असलेल्या बाया मान खाली घालून मत द्यायला जात होत्या, आमच्या दाराकडं एकीनं बघितलं नाही. सगळ्याच लेकरांच्या आया, त्यांना काय बोलणार? दुपारी आत्तीही गेली, आली आणि उंबऱ्यात बसली. कुणाला दिलं, विचारायचा मला धीर झाला नाही.

संध्याकाळी वखारीकडं हलगी कडाडली. झालं, बुडालो! माझं डोकं सणकलं. आत्तीचं मात्र हलगीकडं ध्यानच नव्हतं.

"त्यो अजून का आला न्हाय गं? वाटंत काय झालं नसंल न्हवं?" ती परत परत तेच विचारत होती. तेव्हा मला कळलं, तिनं मत कुणाला दिलंय ते. मीही तिच्याजवळ बसून रस्त्याकडं बघत राहिले.

हे आले. टोपी हातात, तोंड उतरलेलं. "पडलो. उद्यापासनं वखारीत येऊ नको म्हणालेत."

आत्तीनं त्यांचं तोंड, खांदे, दंड चाचपून बघितले.

"जागाच नेली न्हवं देवानं? नेऊ दे रं, लेकरा," म्हणाली आणि दिवसभरात पहिल्यांदा पाणी मागितलं.

घरात थेंब नव्हता. मी घागर उचलली आणि विहिरीकडं निघाले.