चाच्यांचा पोपट आणि आमच्या बांध्या

आमच्या घरी वर्षाला भात किती होणार, हे पावसापेक्षा पोपट ठरवायचे. गोंदिया जिल्ह्यात देवरीच्या पुढे, जंगलाला अगदी टेकून आमच्या धानाच्या चार बांध्या होत्या, बांध घातलेली लहान खाचरं. दिवाळीच्या आसपास लवकर पिकणारं हलकं धान पिवळं पडलं की ऊन फुटायच्या बेताला जंगलातून थवा उतरायचा. चिमणी दाणा टिपते, कावळाही दाणा टिपतो. पोपट टिपत नाही. तो आख्खी लोंब देठापासून कापतो, तिच्यातले दोन-चार दाणे चावतो, बाकीची चिखलात टाकतो आणि पुढची कापायला घेतो. खाणं थोडं आणि नासाडी फार. होळीपर्यंत आमची कोठी रिकामी व्हायची. मग माय मोहफुलं वेचायला जायची आणि आम्ही दोन्ही वेळा पेज प्यायचो.

राखणीला घरातून मी जायची. तिसरीत होते तेव्हापासून. मचाणावर बसायचं, तेलाचा रिकामा पिपा बडवायचा, गोफण फिरवायची, घसा बसेपर्यंत ओरडायचं. थवा या बांधीतून उठायचा आणि त्या बांधीत बसायचा. शाळेत गुरुजी विचारायचे, “काऊन वं, पंधरा दिवस कुठं होतीस?” मी सांगायची, “पोपट होते जी.” वर्ग हसायचा. त्यातल्या निम्म्या पोट्ट्यांच्या घरीही पोपटच होते, तरी हसायचे.

हे सगळं आधी सांगते, कारण पुढे ज्या पुस्तकांबद्दल लिहिणार आहे ती पुस्तकं वाचताना मला हसू का आलं नाही, हे कळायला हवं.

नववीच्या वर्षी वादळात एक जुनं झाड पडलं. त्याच्या ढोलीत एक पिल्लू जिवंत सापडलं. मी त्याला घरी आणलं, भिजवलेली डाळ आणि भाताची शितं भरवून वाढवलं. पोपट पाळणं गुन्हा आहे हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी गावात दर चार घरांमागे एक पिंजरा होता. आमचा पिंजरा बाबांनी बांबूच्या कामट्यांचा केला.

आमच्याकडे एक रीत आहे. कावळे फार झाले की मेलेला कावळा काठीला बांधून शेतात टांगतात. तो दिसला की बाकीचे कावळे दोन-तीन दिवस फिरकत नाहीत. बाबांनी त्या साली हीच रीत पुढे न्यायची ठरवली. संध्याकाळी ते अंगणात मायला म्हणाले, “मेला कावळा टांगला का कावळे भेतेत. मंग मिठ्ठू टांगला त मिठ्ठू नाई भेणार?”

“मारता का त्याले?” माय म्हणाली. “रामाचं नाव घेते थो.”

“मारतो कायले? जिताच टांगतो ना. पिंजऱ्यात वरडन, त बाकीच्यायले वाटन का इथं फास लावला हाय.”

“आन नाई वाटलं त?”

“तुले काई समजत नाई.”

मला विचाराल तर मला ती युक्ती पटली होती. बाबांनी पिंजरा मचाणाला टांगला, दोर मीच बांधला.

सकाळी थवा आला. आमचा मिठ्ठू त्यांना पाहून पंख आपटत ओरडू लागला. पोपटाच्या भाषेत तो काय म्हणत होता ते मी सांगू शकत नाही, पण ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ या, बसा, जेवा असा घेतला. रोज साठ-सत्तर यायचे, त्या दिवशी मोजता येईनात इतके आले. मी पिपा बडवते आहे, बाबा धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, धावत दगड मारताहेत, आणि मधोमध आमचाच पोपट त्यांना हाका घालतो आहे. दुपारी पिंजरा काढून घरी नेला. पण थव्याला जागा कळली होती. दुसऱ्या दिवशी हाक न मारताही सगळे हजर. चारांपैकी तीन बांध्या आठवड्यात गेल्या.

बाबांनी पिंजऱ्याचं दार उघडून टाकलं. मिठ्ठू उडाला नाही, माझ्या खांद्यावर येऊन बसला. त्यानंतर दोनेक महिने तो खांद्यावरच असायचा. म्हणून खांद्यावरच्या पोपटाबद्दल मी बोलू शकते. त्याची नखं सदऱ्यातून आरपार कातडीत रुततात. कानाची पाळी त्याला शेंगदाणा वाटते. दर पाव तासाला तो पाठीवर घाण करतो. कानापाशी ओरडला की डोकं बधिर होतं. आणि एका सकाळी जंगलातला थवा वरून गेला तेव्हा तो उठला आणि त्यांच्यात गेला. मागे वळून बघितलं नाही. आमचंच धान खाऊन मोठा झाला आणि आमचंच धान खाणाऱ्यांत सामील झाला.

त्या वर्षी खायलाच नव्हतं, म्हणून बाबांनी मला शाळेतून काढलं. मी मायबरोबर वर्षभर मजुरीला गेले. दहावी एक वर्ष उशिरा झाली. बाबा त्या गोष्टीबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. मी कॉलेजात जाते म्हणाले तेव्हा फक्त बसचा पास काढायला स्वतः आले.

कॉलेजात मी इंग्रजी वाङ्मय घेतलं. गावात म्हणाले, “इंग्रजी कायले घेतली वो? साधा विषय घेतली असती.” इंग्रजी या पोट्टीला झेपणार नाही असं सगळे धरून चालले होते, म्हणूनच घेतलं. शेवटच्या वर्षी प्रकल्प होता: लोकप्रिय साहसकथा. सरांनी समुद्री चाच्यांच्या गोष्टी दिल्या. सर बाहेरचे, मोठ्या शहरातले. त्यांच्या गाडीच्या किल्लीला रबराचा पोपट होता. चाच्यांची नावं काढली की त्यांचा चेहरा दहा वर्षांच्या मुलासारखा व्हायचा.

मी वाचल्या त्या गोष्टी. शब्दकोश मांडीवर घेऊन, बसमध्ये, चुलीपाशी, सगळ्या वाचल्या. एक लाकडी पाय, एक झाकलेला डोळा, एक फाटका नकाशा आणि खांद्यावर एक पोपट. पुस्तक बदललं तरी सामान तेच. लोकांची गलबतं लुटायची, माणसं समुद्रात ढकलायची, आणि वाचणाऱ्याने म्हणायचं, काय मजा! त्यात तो पोपट. महिनोन् महिने समुद्रात, जिथे माणसाला गोडं पाणी मोजून मिळतं, तिथे तो पेरू खातो की मिरची खातो, कुणी सांगत नाही. तो कुणाच्या सदऱ्यावर घाण करत नाही. मालकाला चावत नाही. किनारा दिसला तरी उडून जात नाही. चोरी करायला निघालेला माणूस खांद्यावर ओरडणारा पक्षी घेऊन निघतो, आणि आजवर एकाही गोष्टीत तो त्या ओरडण्यानं पकडला गेलेला मी वाचला नाही. आमच्याकडे धान चोरायला येणारा माणूस पायातल्या चपला धुऱ्यावर काढून ठेवतो. तेवढी अक्कल त्या कप्तानांना नाही.

वर्गातल्या बाकीच्यांनी प्रकल्प कसे केले तेही सांगते. गोंदियात स्टेशनच्या बाजूला एक झेरॉक्सवाला होता. तो विचारायचा, “पायरेटवाला चाहिए क्या? रेडी है. कलर तोते के साथ पचास एक्स्ट्रा.” आमगावची माझी मैत्रीण तोच घेऊन आली. म्हणाली, “तू पण घे ना वं. पाह्यते कोण?” वर्गात माझा सोडून अकरा प्रकल्प आले आणि अकराही मुखपृष्ठांवर तोच लाल-निळा पोपट, एकाच बाजूला मान वळवलेला. सरांनी सगळ्यांवर सही केली.

माझ्या प्रकल्पावर केली नाही.

मी हाताने लिहिलं होतं, चाळीस पानं. त्यात मी राखण लिहिली, पिंजरा लिहिला, तीन बांध्या लिहिल्या, आणि पुस्तकातला पोपट त्यापुढे ठेवला. सरांनी पानं उलटली आणि म्हणाले, “ही समीक्षा नाही. हा तुमचा वैयक्तिक राग आहे.”

“खोटं काय आहे सर त्यात?”

“खऱ्या-खोट्याचा प्रश्नच नाही. ही कल्पनेची गंमत आहे. तुम्हाला ती कळलेली नाही.”

“ज्याचं कधी काही लुटलं गेलं नाही, त्याला लुटारूची गंमत वाटते सर. आम्हाला नाही वाटत.”

सरांनी पानं मिटून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, “सोमवारपर्यंत पुन्हा लिहून आणा. कौतुकाचा भाग हवा. नाहीतर मी सही करणार नाही.” सही नाही म्हणजे तोंडी परीक्षेला बसता येणार नाही, आणि तोंडी परीक्षा नाही म्हणजे पदवी नाही. तीन वर्षांची बस, तीन वर्षांची मजुरीतून काढलेली फी, सगळं त्या एका सहीवर अडलं.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते दोर वळत बसले होते.

“मंग लिवून टाक ना त्यायले पाह्यजे तसं,” बाबा म्हणाले. “तुहं का जाते?”

“काहीच नाही जात,” मी म्हणाले.

थोड्या वेळाने हातातला दोर तसाच धरून त्यांनी विचारलं, “मी पिंजरा टांगलो, थे पण लिवली का वो त्याच्यात?”

मी हो म्हणाले. माय चुलीपाशी होती, ती वळून बघायला लागली. मला वाटलं, आता बाबा पानं फाडायला सांगणार. गावात आजही कुणी चेष्टेनं म्हणतं, “तुमच्या मिठ्ठूनं पंगत बसवली होती ना गा?” तेव्हा बाबा उठून जातात.

“लिवली त राहू दे,” ते म्हणाले. “झालं थे झालं. खोडू नोको.”

“आन सही?” मायने विचारलं.

“सहीसाठी मी खोटा होऊ का आता?” बाबा म्हणाले आणि पुन्हा दोर वळायला लागले.

सोमवारी मी तीच चाळीस पानं सरांपुढे ठेवली. म्हणाले, “सर, बदललं नाही. तुम्हाला पटत नाही असं त्याच्यावर लिहा आणि सही करा. नापास बाहेरच्या परीक्षकांना करू द्या.” सरांना राग आला. पण मग त्यांनी खरंच तसं केलं. पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं, ‘विद्यार्थिनीच्या मतांशी मार्गदर्शक सहमत नाही’, आणि खाली सही केली. तेवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. हेही सांगायला हवं.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या होत्या. आधीच्या अकरा जणांना त्यांनी दोन-दोन मिनिटांत काढलं. माझी पानं मात्र त्यांनी समोर ठेवून घेतली.

“गाइड सहमत नाहीत म्हणतात,” त्या म्हणाल्या.

“हो मॅडम.”

“ठीक आहे. मला एकच सांगा. इतका निरुपयोगी पक्षी आहे, तर सगळे लेखक तो ठेवतात का?”

याचं उत्तर माझ्या चाळीस पानांत नव्हतं. मी तिथेच विचार केला. “त्या माणसांना कुणी नसतं मॅडम,” मी म्हणाले. “माय नाही, बायको नाही, शेजार नाही. जेवलास का म्हणून विचारणारं कुणी नाही. असा माणूस कुणाशी बोलणार? आणि बोललाच नाही तर पुस्तक पुढे कसं जाणार? म्हणून लेखक त्याच्या खांद्यावर पोपट बसवतो. माणूस दिला असता तर त्याने विचारलं असतं, हे कुणाचं आणलंस? पोपट विचारत नाही. तो मालकाचंच बोलणं मालकाला ऐकवतो.”

सर खिडकीतून बाहेर बघत होते.

“आणि तुमचा पोपट?” बाईंनी विचारलं. “तो का गेला?”

“त्याला त्याची माणसं भेटली,” मी म्हणाले. “म्हणजे पोपट भेटले. त्याचं बरोबरच होतं. आमचं नुकसान झालं, पण त्याचं बरोबर होतं. पुस्तकातल्या एकाही पोपटाला कुणी असं जाऊ दिलेलं नाही.”

बाईंनी काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, “हे शेवटचं लिहायला हवं होतं तुम्ही.” मी म्हणाले, “आत्ता सुचलं मॅडम.” त्या हसल्या. मी हसले नाही. मला अजून वाटत होतं की नापास करतील.

परवा गोंदियात एका ओळखीच्यांच्या मुलाचा वाढदिवस होता. पोट्टे डोळ्याला काळी पट्टी बांधून, खांद्यावर कापडी पोपट टाचून, प्लास्टिकच्या तलवारी घेऊन एकमेकांचे फुगे लुटत होते. यजमान बाई मला म्हणाल्या, “किती क्यूट ना!” मी केक खाल्ला. वाढदिवसाच्या घरी कुणाला शिकवायला जाऊ नये.

आणि हो, त्या तोंडी परीक्षेचा निकाल त्याच वर्षी उन्हाळ्यात लागला. एकही ओळ न बदलता माझा प्रकल्प मंजूर झाला आणि तोंडी परीक्षेत मी पास झाले. इंग्रजी वाङ्मय घेऊन मी बी. ए. झाले. बाबांकडच्या आणि मायकडच्या, दोन्ही घरांतली ही पहिली पदवी.