एकही गोळी न झाडलेलं रिव्हॉल्वर

एल्विन स्ट्रॉडरकडे सदतीस रिव्हॉल्वरं होती आणि त्यांतल्या एकानेही आजवर कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. माणसांचं सोडा, ओक्लाहोमातल्या सशांनाही त्यांचं भय नव्हतं. एल्विन ती झाडत नसे, कुणाला झाडू देत नसे, आणि स्वतःही त्यांना धड हात लावत नसे. लावायचाच झाला तर आधी पांढरे सुती हातमोजे. लग्नात पाद्र्यासमोर त्याने माझा हात हातमोज्यांशिवाय धरला होता, असं त्याची बायको नोरीन सांगे. पण पुढे पुढे तिलाही त्याची खात्री राहिली नव्हती.

माणूस तसा साधा. एकतीस वर्षं गावच्या धान्यकोठारावर गव्हाच्या ट्रकांची वजनं केली आणि निवृत्त झाला. छंद एवढा एकच. जुनं रिव्हॉल्वर हवं, पण कारखान्यातून काल निघाल्यासारखं. सोबत मूळ खोकं हवं, खोक्यात तेलकट कागद हवा, माहितीपत्रक हवं आणि त्या माहितीपत्रकाची घडी कुणी उघडलेली नको. सगळ्यांत मोठं भय रेघेचं. घोडा मागे ओढला की गोळ्यांचं चक्र एक घर फिरतं, आणि फिरता फिरता त्याच्या निळ्याशार अंगावर केसाएवढी रेघ उमटते. आपल्याला ती भिंगातूनही दिसायची नाही. एल्विनच्या रिव्हॉल्वर-संग्राहकांच्या क्लबातल्या मंडळींना मात्र ती दारातूनच दिसते, आणि मग ती मयताला आल्यासारखी माना हलवतात.

या क्लबाच्या वार्षिक प्रदर्शनात एल्विनचा नऊ वर्षं दुसरा नंबर येत होता. पहिल्या नंबराला काय कमी पडतं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं: गावातल्या मर्ल हारग्रोवचं कोल्ट कंपनीचं रिव्हॉल्वर. मर्लने ते छप्पन्न साली, लग्नाच्याच महिन्यात घेतलं, खोक्यासकट कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं, आणि पुढची बेचाळीस वर्षं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. जानेवारीत मर्ल गेला. एल्विनने त्याच्या घरी जाऊन डोळे मिटून प्रार्थना केली. निदान एक डोळा तरी मिटला होता. दुसरा फळीवर होता.

जुलैत मर्लच्या बायकोने, ऑपलने, त्याला बोलावून घेतलं. वय एक्याऐंशी, अंगाने काडी, आवाज मात्र शेताच्या पलीकडे जाणारा.

"बाजारात मिळेल त्याच्या निम्म्यात देईन," ती म्हणाली. "पण आधी माझ्यासमोर सहा गोळ्या झाडायच्या. कुंपणाच्या खांबावर कॉफीचा डबा ठेवते."

एल्विनला खुर्ची शोधावी लागली. "झाडायच्या?"

"रिव्हॉल्वर आहे ना ते? का फुलदाणी?"

"पण मिसेस हारग्रोव, बेचाळीस वर्षांत त्यातून एकदाही..."

"ठाऊक आहे मला. मी इथंच होते." ऑपलने ओट्यावरच्या डब्यांची झाकणं उगाचच घट्ट केली. "मला हात लावू देत नव्हता मेला. शनिवारपर्यंत विचार कर. नाहीतर पलीकडचा गोठेवाला तयार आहे. वासरांमागे कोल्हे लागतात म्हणे त्याच्या."

कोल्हे! एल्विन घरी आला तो जेवलाच नाही.

"ती बाई खून पाडायला निघालीय," तो नोरीनला म्हणाला.

"कुणाचा रे?"

"मर्लच्या कोल्टचा."

"हात्तिच्या. मला वाटलं माणसाचा. बटाटे वाढू?"

तीन दिवस त्याने विचार केला. प्रामाणिकपणे झाडावं, तर ते त्याच्या लेखी मेलं. न झाडावं, तर गोठेवाला आणि शेण. चौथ्या दिवशी, चर्चमध्ये एकही रविवार न चुकवलेल्या या माणसाने शेजारच्या गावी जाऊन त्याच सालचं, त्याच घडणीचं एक झिजलेलं कोल्ट विकत घेतलं. रंग उडालेला, मूठ खरवडलेली. एरवी असल्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नसतं. आता ते आतल्या खिशात लपवायला तो शनिवारी कोट घालून ऑपलकडे गेला. ओक्लाहोमात, जुलैत, भर दुपारी.

"सर्दी झालीय का रे पोरा?" ऑपलने विचारलं. पोराचं वय चौसष्ट होतं.

"थोडीशी."

तिने बर्फाचा चहा दिला, पेकनच्या दाण्यांचा केक दिला, खोकं टेबलावर ठेवलं आणि डबा घेऊन ती कुंपणाकडे गेली. एल्विनने हातमोजे चढवले. चष्मा लावून मर्लचं कोल्ट उजेडात धरलं. रेघ नव्हती. कुठेही नव्हती. त्याने ते तान्ह्या मुलासारखं तेलकट कागदात गुंडाळून चष्म्याबरोबर खिशात घातलं आणि झिजलेलं हातात घेऊन अंगणात आला.

ऑपल काडतुसांची डबी घेऊन उभीच होती. तिची नजर कोटावर होती.

"आधी नंबर वाच बघू. नळीखाली कोरलेला असतो."

एल्विनने हात लांब करून रिव्हॉल्वर धरलं आणि धडाधड म्हणून टाकलं, "दोन, आठ, चार, एक."

अगदी बरोबर. मर्लच्या खोक्यावर हाच नंबर होता. एल्विनला तो पंधरा वर्षं पाठ होता.

ऑपलने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "चष्मा खिशात आहे तुझा."

एल्विनने खिसा चाचपला. होता.

"मर्ल हा नंबर झोपेत बडबडायचा," ती म्हणाली. "माझा वाढदिवस विसरायचा, पण हा कधी चुकला नाही. बघावं लागायचंच नाही त्याला." तिने हात पुढे केला. "काढ."

त्याने आतल्या खिशातून मर्लचं कोल्ट काढलं. ऑपलने तेलकट कागद उलगडून वाऱ्यावर सोडून दिला. सहा काडतुसं भरली आणि दोन्ही हातांनी घोडा मागे ओढला. चक्र फिरल्याचा बारीक आवाज झाला. एल्विनने डोळे मिटले, या वेळी दोन्ही.

पहिली गोळी कुठे गेली ते देवाला ठाऊक. दुसरीने खांबाचा टवका उडवला. तिसरी, चौथी गहू पिकवायला गेल्या. पाचवीला डबा खणकन उडाला आणि ऑपल ओरडली, "मर्ल, बघितलंस का!" सहावी तिने आनंदात आभाळात झाडली.

मग हाश्शहुश्श करत तिने ते एल्विनपुढे धरलं. "घे आता. अट पूर्ण झाली, मी झाडलं काय नि तू झाडलंस काय."

त्याने चष्मा लावला. चक्राभोवती रेघ होती. "नको," तो म्हणाला, आणि घरी आला.

नोरीनने सगळं ऐकलं. हसता हसता तिला ओट्याचा आधार घ्यावा लागला. डोळे पुसून तिने विचारलं, "मग आता ते कुणाला हवंय?"

"कुणालाही नाही. संपलं ते."

"मला हवंय," नोरीन म्हणाली.

तेव्हापासून दर गुरुवारी नोरीन रिकामे डबे घेऊन ऑपलकडे नेमबाजीला जाते. गाडी एल्विन चालवतो, आणि पोचल्यावर काचा वर करून आतच बसतो. डब्यांचा खणखणाट हल्ली वाढत चाललाय. क्लबात त्याने यातलं अक्षर काढलेलं नाही. या वर्षीही नंबर दुसराच.

फक्त सगळं आटपल्यावर तो खाली उतरतो. त्याच्या मते या दोन बायकांना रिव्हॉल्वर पुसता येत नाही, नळीत काजळी तशीच राहते. मग तो पायरीवर बसून फडक्याने ते पुसत राहतो. बंदुकीच्या दारूचा वास येतो, पोलाद अजून गरम असतं.

"एल्विन," परवा नोरीनने केक कापता कापता हाक मारली, "हातमोजे गाडीतच राहिले वाटतं तुझे."

"असू दे," तो म्हणाला, आणि पुसत राहिला.