व्याह्यांचा भोंगा

सन दोन हजार तेवीस. मी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि आमच्या व्याह्यांएवढा झोपाळू पुढारी अख्ख्या नाशकात दुसरा नव्हता, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगीन. माझी शाळा चौथीपर्यंत, पण जे लिहितोय ते शेजारी बसून पाहिलेलं आहे.

व्याही सातपूरला आमच्या कामगारांच्या पक्षाचे तीस वर्षं सेक्रेटरी. मीटिंग सुरू झाली की चपला काढायच्या, भिंतीला डोकं टेकायचं, डोळे मिटायचे आणि पायाचा अंगठा हलवत बसायचं. अंगठा थांबला की समजायचं, गेले! तरी "हात वर करा" एवढं कानावर पडलं, की झोपेतच त्यांचा हात सगळ्यांच्या आधी वर. मग आम्हा म्हाताऱ्यांचे हात त्यामागे आपोआप जायचे. कशासाठी, ते नंतर चहा पिताना विचारून घ्यायचं. दुसरं वेड भोंग्याचं. ज्या कंपनीत आम्ही दोघांनी जन्म काढला, ती केव्हाच बंद पडली, आत बाभळी उगवल्या. पण हे रोज सकाळी सातला तिच्या गेटासमोर उभे राहणार, मान तिरकी करणार आणि समाधानाने म्हणणार, "भोंगा झाला." मी म्हणायचो, "अहो व्याही, तो भोंगा भंगारात गेला." "तुमचे कान गेलेत," एवढंच उत्तर. दहा वर्षं हे भांडण. माघार मीही घेत नसतो.

त्या वर्षी सेक्रेटरीच्या जागेला त्यांच्यासमोर उभी राहिली त्यांचीच सून, म्हणजे माझी मुलगी. तिचं म्हणणं, कंत्राटी पोरापोरींना पक्षात घ्या. व्याह्यांचं म्हणणं, ज्याची नोकरी कायम तोच कामगार.

"मामा, आता कायम उरलंय कोण?" ती भाकरी वाढता वाढता सासऱ्याला विचारायची.

"मी. अजून अर्धी घाल."

मी व्याह्यांच्या बाजूचा. मुलगी झाली म्हणून काय झालं!

मीटिंगमध्ये आधी तिचं नाव पुकारलं. "हात वर करा." झालं! व्याह्यांचा हात वर, आणि सवयीने आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांचेही. माझासुद्धा. एकच हशा पिकला. पोरगी मात्र रडवेली झाली. "हे धरू नका. मामा झोपेत आहेत. पुन्हा घ्या."

डोळे न उघडताच व्याही म्हणाले, "मोजा. वर गेलेला हात आपल्यात खाली घेत नाहीत."

मी खाली पाहिलं. अंगठा हलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपणहून त्या गेटावर गेलो. धुकं होतं. त्यातून मोटारसायकली येत होत्या नि धुक्यातच विरत होत्या. कंत्राटी पोरं पुढच्या कंपन्यांत कामाला चालली होती. व्याही एकेकाकडे हजेरी घेतल्यासारखे बघत होते. सात वाजले. त्यांनी मान तिरकी केली. नुसते माझ्याकडे बघत राहिले.

"भोंगा झाला, व्याही," मी म्हणालो.