राखेखालचा सांधा

अर्धा चहा प्यालो होतो. आबा म्हणाले, "कप खाली ठेव."

ठेवला. आबांनी वहाणेच्या टोकानं तो उलथा केला. कान तुटला. चहा मातीत गेला. घडीभरापूर्वी ह्याच माणसानं मला बाजेवर बसवलं होतं. "घ्या लोहार, दमला असाल," म्हणून स्वतःच्या हातानं कप दिला होता.

हे कोऱ्हाळ्याच्या गुऱ्हाळावर घडलं. ऐन हंगामात आबांच्या चरकाची बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, चौकट तडकली होती. तोडलेला ऊस वाळत पडलेला. बारामतीहून तात्या आणि मी बैलगाडीत सिलिंडर अन् कार्बाईडचा डबा घालून आलो होतो. तात्या म्हणजे वेल्डिंगच्या दुकानाचे मालक. मी परभणीकडचा, विशीतला, चौथीत शाळा सुटलेला. ह्या मुलखात ओळखीचं कुत्रं नाही. तात्यांनी दुकानात झोपायला जागा दिली, काम शिकवलं, हातात गॅसची टॉर्च दिली. अट एकच. "कुणी विचारलं तर लोहार म्हणायचं."

मी म्हणत होतो. रोज भीत होतो. आणि रोज मनातल्या मनात तात्यांच्या पाया पडत होतो.

बीड जोडणं नाजूक काम. भेगेला छिन्नीनं खाच पाडली. कोळशाचा जाळ करून चौकट तापवली. काळा चष्मा लावला, टाकणखार टाकत बीडाची सळई वितळवली आणि सांधा भरला. वर राख लोटली. बीड सावकाश निवावं लागतं, गार काही लागलं की तडकतं. सगळ्यांना बजावलं, "राख उकरू नका. पाण्याचा थेंब पडू देऊ नका."

आबा खूष. "तात्या, हा गडी माझ्याकडंच ठिवतो आता. हंगामभर चरकाकडं बघंल."

तात्यांचा चेहरा उतरला. ते आबांच्या कानाला लागले. मला शब्द ऐकू आला नाही. ऐकायची गरजही नव्हती. कप उलथा झाला.

कामाचा माणूस हातचा जाऊ नये, म्हणून तात्यांनीच सांगितलं. जी जात लपवायला शिकवली, तिचंच दावं करून मला परत बांधलं. आणि ह्याला मी उपकार म्हणत होतो!

आबांनी घरातून तांब्या आणवला. त्यांच्या गड्यानं खराट्यानं राख बाजूला केली. मी ओरडलो, "अहो, तडकंल!"

"पानी कुठाय?" गडी म्हणाला. "गोमूत्र हाय."

आबा हसले. शिंपडलं. चर्र झालं. मग टक्.

लोखंडाचं पाणी करणाऱ्या जाळानं माझा विटाळ गेला नव्हता. तो गाईच्या मुतानं जाणार होता. गेला का, माहीत नाही. सांधा गेला.

अस्पृश्यता कायद्यानं संपली, असं बारामतीत कचेरीच्या भिंतीवर लिहिलेलं मी वाचलं होतं. चौथीपर्यंतचं वाचन तेवढ्याला पुरलं. आबा माझ्याहून जास्त शिकलेले होते.

ते वाकून भेग बघत होते. पहिलीपेक्षा लांब. धर्म बाटल्याचं कळलं तेव्हाही तोंड एवढं पडलं नव्हतं.

"जोड पुन्यांदा," मान वर न करता म्हणाले. "ह्या बारीला न्हाय शिंपडत. निवल्यावर बघू."

तात्या जवळ आले. "माझी लाज राख रं. ऊस वाळतुय त्यांचा."

"लोहार बोलवा, तात्या."

"मला शिकवतु व्हय? माझ्याशिवाय कोण हाय रं तुला हितं?"

कुणी नव्हतं. झोपायची जागा त्यांची, भाकरी त्यांची, टॉर्चही त्यांचीच. गळ्यातला चष्मा काढला. सिलिंडरची चावी तात्यांच्या हातात दिली नाही. खाली ठेवली, फुटक्या कपाशेजारी. आणि चालू लागलो.

इंदापुरात वेल्डिंगच्या एकेका दुकानाच्या दारात आधी जात सांगितली, मग काम मागितलं. पहिल्यानं हाकललं. दुसऱ्यानंही. पुढं एकानं ठेवलं. त्याच्या पाया पडलो नाही.

आता कुठंही कामाला गेलो की टॉर्च पेटवायच्या आधी सांगतो, "मी महार हाय. चालत असंल तर जोडतो. न्हायतर मोडकं घेऊन बसा."

जोडून झालं की राखेजवळून हलत नाही. हातोडा मांडीवर असतो. कुणी तांब्या घेऊन आलं, तर त्याला अडवणार नाही. सांधा मीच फोडीन.