बाभळीची ओली चौकट

२०२१ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. चौथी नापास सुतार, पण लाकडातलं मला दुसऱ्यानं सांगावं हे कधी खपलं न्हाई.

त्या साली लेकीनं दोन खोल्या बांधायला काढल्या. जावई म्हणाला, मामा, तयार चौकट आणतो, दोन दिवसांत बसवून होईल. मी म्हणालो, मी जिवंत असताना लेकीच्या दाराला इकतची चौकट लागणार न्हाई. अन् बांधावरची बाभूळ पाडली.

खरं सांगायचं तर मला सगळं ठाऊक होतं. लिंब तुळईला, सागवान दाराला, बाभूळ गाडीच्या चाकाला अन् औताला. बाभूळ चौकटीलाही चालती, पण ओंडका आधी पावसाळाभर विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, मग सावलीत वाळवायचा. आतला रस निघाला की भुंगा लागत न्हाई, लाकूड पीळ खात न्हाई. हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो. पण जावयाला दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचं होतं, चौकटीपायी भिंती अडल्या होत्या. थांबायचं तर माझा शब्द खाली पडत होता, म्हणून ओल्याच लाकडाची चौकट केली. गवंडी म्हणाला, मिस्त्री, हिला हात लावला तर ओल लागतीय. मी म्हणालो, तू आपल्या विटा लाव.

दोन उन्हाळे गेले. पुढच्या ऊसतोडीला जावई एकटाच गेला. लेकीची पाठ धरली होती म्हणून ती घरीच राहिली. मी भेटायला गेलो अन् मुक्काम केला. दिवेलागणीला बघतो तर ती ज्वारीचं पोतं ओढत दाराकडं नेतीय. उठून दाराला हात लावला. चौकट पिळली होती, वरच्या कोपऱ्यात चार बोटं फट, कडी भोकापर्यंत पोचत नव्हती. कडेच्या पांढऱ्या लाकडाचं भुंग्यानं पीठ केलं होतं.

"हे कवापासून?"

"मागच्या उन्हाळ्यापासून."

"मग मला कावून सांगितलं न्हाई?"

ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सांगितलं असतं तर म्हणला असता, तुलाच दार लावता येत न्हाई. हे चौकट बदलतो म्हणत होते, मीच बदलू दिली न्हाई. तुमी पुन्हा ह्या घरात जेवला नसता, आबा."

खोटं न्हाई बोलली. मी खरंच जेवलो नसतो.

दुखऱ्या पाठीनं रोज ते पोतं ओढून एकटी लेक उघड्या दारामागं निजत होती, ते माझा शब्द राहावा म्हणून. बाभळीचा काय दोष? तिला मी वेळ दिला न्हाई.

पोतं मीच लावलं अन् त्याला टेकून बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर दोरीनं दाराचं माप घेतलं, पहिल्या गाडीनं परळीला गेलो अन् वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी चौकट सांगितली.